गोल घर, रिवण

बोर्डावर इंग्रजीत लिहिलं होतं, युर्ट.
जुईने वाचलं 'यूरट'. निहारने तिला सुधारलं, तेही चुकीचं.
कुष्टा वेळीप म्हणाले, 'आमी ताका चेपें म्हणटात,'
आणि खरंच, कुळागराच्या टोकाला
कुणीतरी घाम पुसायला
टोपी काढून ठेवावी तसं ते.

पोराचं खूळ, ते म्हणाले. पणजीला हॉटेलचं शिकला,
कुठल्याशा घोड्यांच्या देशातलं घर व्हिडिओत बघितलं
आणि सुताराला कामाला लावलं.
लाकडी जाळीची भिंत, वरून कापड, मधोमध आभाळाला भोक.
मे संपता संपता घडी घालून माळ्यावर.
पावसात हे टिकत नाही.

घडी घालता येणारं घर.
मी तुझ्याकडे पाहिलं नाही. तूही नाही.

आत चार खाटा, चार मच्छरदाण्या, एक पंखा.
'आई, कोपराच नाही!'
जुई धाप लागेपर्यंत गोल गोल पळाली.
ओला टॉवेल कुठे टाकायचा,
शिक्षा म्हणून उभं कुठे राहायचं,
रुसून बसायचं तर कुठे?
कोपभवनाची सोयच नाही.
बसा मधोमध, सगळ्यांच्या देखत.

घरी दोन खोल्या आहेत म्हणून चाललंय आपलं.
दसऱ्यापासून तू हॉलमध्ये, 'पाठ दुखते' म्हणून,
मी आत, 'सकाळी लवकर उठायचंय' म्हणून.
मुलांना दोन्ही कारणं पाठ.

दिवस तसा बरा गेला.
पोफळीच्या विरीवर एकाने बसायचं, दुसऱ्याने ओढायचं.
निहारने जुईला ओढलं, तू दोघांना ओढलंस,
मग तिघांनी मिळून मला बसवलंत
आणि मी, एकेचाळीस वर्षांची बाई,
पाटापर्यंत किंचाळत गेले.
चप्पल अजून पाण्यातच असेल.

रात्री दोनला घर हललं.
भिंत फुगून माझ्या उशापर्यंत आली,
परत गेली, परत आली.
'भूकंप,' निहार म्हणाला. 'वाघ,' जुई.
आपण दोघे एकदम उठलो, अंधारातच
जाळीला हात लावून भिंत धरून ठेवली,
जसं काही आपल्या धरण्याने ती राहणार होती.
कापडापलीकडे काहीतरी प्रचंड, ऊबदार,
सावकाश, अगदी मन लावून
स्वतःला घासत होतं.

'भियेनाकात!' बाहेरून बॅटरीचा उजेड, खोकला.
'आमची म्हस ती. खाज येता तिका.'

इथे फणस होता म्हणे.
पारडी होती तेव्हापासून ती त्यालाच अंग घासायची,
रोज रात्री, याच वेळेला.
'झाड पडून दोन वर्सां जालीं,' कुष्टा म्हणाले,
'तिका कोण सांगतलो?'
मग तिच्याशी काहीतरी हळू आवाजात बोलत
तिला घेऊन गेले.

मुलं हसून हसून झोपली.
वरच्या भोकातून एक पोफळ डोकावत होती,
तिच्यामागे दोन-तीन चांदण्या, नीट दिसत नव्हत्या.
तुझा हात अजून जाळीवर होता,
माझा दोन चौकटी सोडून.
'पाठ?' मी विचारलं. खाट काथ्याची, म्हणून.
'कुठली पाठ?' तू म्हणालास.
मग आठवून, 'हां. बरीये.'
मला हसू आलं, ते मी मच्छरदाणीत नेलं.

सकाळी पोदेराचा भोंगा, गरम उंडे,
जाळीची एक पट्टी वाकलेली.
कुष्टा ती सुतळीने बांधत होते, तू टोक धरलं होतंस.
निघताना त्यांनी वही पुढे केली.
माणसं किती, या रकान्यात
तू मला न विचारता चार लिहिलंस.
काय आवडलं, यात जुईने मोठ्या अक्षरात
म्हस लिहिलं, त्यांच्यासारखंच,
आणि शेजारी चित्र काढलं: एक झाड,
खूप फणस लागलेलं.